खारा मासा, गोडा मासा आणि सीझियम

जपानने २४ ऑगस्ट २०२३ पासून २०११ च्या अपघातात सापडलेल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या टाक्यांतले किरणोत्सारी पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली, तेव्हा नागपूरच्या मासेखाऊंत एक सोपा तोडगा निघाला: पापलेट-सुरमई राहू द्या, आपली तळ्यातली रोहू-कतलाच बरी. या विषयाचा इतिहास पाहिला तर हा तोडगा बराचसा उलटा पडतो.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची राख एका जपानी ट्यूना-नौकेवरच्या २३ जणांच्या अंगावर पडली. नौकेचे रेडिओ ऑपरेटर कुबोयामा त्याच सप्टेंबरात वारले. जपानी बंदरांत ट्यूनावर किरणोत्सर्ग मोजणारे गायगर काउंटर फिरू लागले, शेकडो टन मासा फेकला गेला. वरवर बसलेली राख धुता आली असती. पण किरणोत्सारी जस्त थेट माशाच्या शरीरात उतरलेले निघाले. जस्त माशाला लागतेच, आणि साधे कोणते नि किरणोत्सारी कोणते हे त्याच्या शरीराला कळत नाही.

अणुभट्टीत तयार होणाऱ्या किरणोत्सारी सीझियम-१३७ चेही तेच. त्याचे अर्धायुष्य (म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ) ३० वर्षे, आणि वागणूक पोटॅशियमसारखी, त्यामुळे ते स्नायूंत, म्हणजे नेमके आपण खातो त्या मांसात जाते. किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या वाटेने हाडांत बसते. ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) पाण्याचाच भाग असल्याने फारसे साचत नाही; फुकुशिमातून सोडलेल्या, प्रक्रिया केलेल्या पाण्यात मुख्यतः तेच उरलेले आहे.

खरी गंमत मिठाची. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. सागरी मासा सतत खारे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्यांच्याबरोबर सीझियमही काही आठवड्या-महिन्यांत ओसरते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था सागरी माशाच्या मांसात पाण्याच्या साधारण १०० पट सीझियम धरते. गोड्या पाण्यात पोटॅशियमची चणचण, म्हणून तिथला मासा मिळेल ते धरून ठेवतो, आणि हा आकडा हजारांत जाऊ शकतो. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर स्वीडनने अन्नासाठी किलोमागे ३०० बेकरेलची (बेकरेल हे किरणोत्सारिता मोजण्याचे एकक) मर्यादा घातली. तळ्यांतल्या माशांना ती पाळणे जमेना, तेव्हा पुढच्याच वर्षी त्यांच्यासाठी ती १५०० वर नेली.

समुद्रातही सगळे मासे सारखे नाहीत. फुकुशिमाजवळ ऑगस्ट २०१२ मध्ये तळाशी राहणाऱ्या एका माशात किलोमागे २५,८०० बेकरेल सीझियम निघाले. जपानची मर्यादा होती १००. पाणी तोवर बरेच निवळले होते, पण सीझियम गाळाला धरून बसले होते आणि त्या गाळातले किडे माशाच्या पोटात जात होते.

गोसेखुर्द किंवा नवेगावबांधची रोहू खुशाल खावी. तिथे अणुअपघातातल्या किरणोत्सारी द्रव्यांचा असा पाऊस पडलेला नाही, एवढेच त्याचे कारण. पाणी गोडे असण्याचा त्यात काही वाटा नाही. आणि नागपूरच्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारात बर्फातून येणाऱ्या समुद्री मासळीतून आपल्याला मिळणारा किरणोत्सर्ग बहुतांशी निसर्गातल्याच पोलोनियम-२१० या किरणोत्सारी मूलद्रव्याचा असतो. ते मांसापेक्षा यकृतात आणि आतड्यांत जास्त साचते. कोळीण मासा साफ करून देते तेव्हा त्यातले बरेचसे तिथेच निघून जाते.