चुंबक चिकटला नाही, तरी दगड अशनी असू शकतो

‘चुंबक चिकटला तर अशनी (अवकाशातून पडलेला दगड), नाही तर साधा दगड’ हा समज दोन्हीकडून फसवतो. मॅग्नेटाइट हे पृथ्वीवरचे लोहखनिज चुंबकाला चिकटते, कारखान्यातली धातुमळीही अनेकदा चिकटते. उलट १९३४ साली केनियात रुमुरुटीला पडलेल्या अशनीत धातुरूप लोखंड जवळजवळ नाहीच. लोह भरपूर आहे, पण ऑक्सिजनशी जुळून खनिजांत अडकलेले. याच अशनीवरून ‘आर’ काँड्राइट या दुर्मीळ गटाला (काँड्राइट म्हणजे बारीक गोल कण असलेले दगडी अशनी) नाव मिळाले.

गट ठरतो प्रयोगशाळेत. ०.०३ मिमी जाडीचा काप घासून चकचकीत करतात आणि ऑलिव्हिन या खनिजातले फायालाइट, म्हणजे त्याचा लोहयुक्त घटक, मोजतात: ‘एच’ या काँड्राइट गटात साधारण १६-२० मोल टक्के, ‘एल’मध्ये २२-२६, ‘एलएल’मध्ये २७-३२, ‘आर’मध्ये बहुधा ३७-४०. शंका उरलीच, तर ऑक्सिजनची समस्थानिके निकाल देतात. मात्र प्रकार ३ मध्ये, म्हणजे उष्णतेने वा पाण्याने सर्वांत कमी बदललेल्या अशनींत, प्रत्येक कणाचे ऑलिव्हिन वेगळे निघते. दोन-चार कण मोजून गट लिहिला की घोळ झालाच.

‘आर४’ अशा नावातला ४ म्हणजे हाच प्रकार, प्रत नव्हे. ३ पासून ६ कडे उष्णतेचा परिणाम वाढतो, ३ पासून १ कडे पाण्याचा.

आणि निओडिमियमचा चुंबक दगडाजवळ आणूच नये: त्यातली कोट्यवधी वर्षांची चुंबकीय नोंद क्षणात पुसली जाते.