बॉर्डरलाइनमधली 'सोडून जाशील' ही भीती, आणि तिच्याकडे बघायची नजर कशी बदलत गेली

मेसेजला उत्तर यायला दोन तास लागले की 'तुला मी नकोय ना', मग दहा-बारा मिस्ड कॉल, मग ब्लॉक, आणि रात्री परत रडून सॉरी. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा मानसिक आजार) असलेल्या माणसाजवळ जे राहिलेत त्यांना हे लगेच ओळखू येईल, आणि घरचे बहुतेकदा म्हणतात नाटकं करते. डॉक्टर मंडळीही कितीतरी वर्षं याला मॅनिप्युलेशनच म्हणत आली.

१९३८ साली न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी लिहिलं की काही पेशंट धड न्यूरोसिसमध्ये (चिंता वगैरे, पण वास्तवाचं भान शाबूत) बसत नाहीत आणि धड सायकोसिसमध्येही (वास्तवाचं भान सुटणं) नाहीत, नेहमीच्या उपचारांना दाद देत नाहीत. १९६७ मध्ये मनोविश्लेषक ओटो कर्नबर्ग यांनी स्प्लिटिंगवर बोट ठेवलं, म्हणजे समोरचा एकतर देव नाहीतर एकदम नालायक. १९८० ला डीएसएम-३ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात, हे निदान अधिकृत झालं, पण पेशंटवरचा 'त्रासदायक' हा शिक्का काही गेला नाही.

मला विचाराल तर खरा उलगडा लहान मुलांवरच्या कामातून झाला. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अटॅचमेंटचा, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या घट्ट बंधाचा, विचार मांडला आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये तो बघितला, साधारण वर्षाचं मूल, आई खोलीतून थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते, एवढंच. काही मुलं आई आल्यावर तिला घट्ट बिलगायची आणि त्याच वेळी तिला ढकलायची, लाथा मारायची, कडेवर घेतलं तरी शांत व्हायची नाहीत. हे वाचलं की सुरुवातीचं ते ब्लॉक आणि सॉरी नाटक न वाटता त्याच भीतीतून आलेलं दिसायला लागतं. पुढे बॉर्डरलाइनच्या अभ्यासांत असुरक्षित अटॅचमेंट (जवळचं माणूस टिकेल असा भरवसाच नसणं) पुन्हा पुन्हा दिसली, पण म्हणून लगेच आईबापांना धारेवर धरू नका, आनुवंशिक भागही बराच असतो आणि प्रत्येकाचं बालपण वाईट गेलेलं नसतं.

१९९१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहॅन यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या बायकांवर डीबीटीची (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायला शिकवणारा त्यांचा उपचार) चाचणी छापली. २०११ ला त्यांनी जाहीर सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतःच हार्टफर्डच्या हॉस्पिटलात भरती होत्या, आणि सांगितलं कुठे, तर त्याच हॉस्पिटलात जाऊन! केवढी हिंमत लागली असेल.

संशोधक मेरी झॅनारिनी यांनी अमेरिकेतल्या मॅक्लीन या मानसोपचार हॉस्पिटलच्या २९० बॉर्डरलाइन पेशंटना वर्षानुवर्षं फॉलो केलं, तर दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान सलग दोन वर्षं निदान करण्याइतकी उरली नाहीत. स्वतःला इजा करणं वगैरे लवकर कमी होतं, एकटं पडायची भीती मात्र खूप हळू जाते, त्यामुळे 'आता बरी झालीस ना, मग अजून का घाबरतेस' असं घरच्यांनी विचारू नये.