तरवड फुलला की तुळजापूरचा घाट चढावा

कोजागरीच्या सुमारास सोलापुरातून तुळजापूरला पायी निघालेली माणसं रात्रभर चालतात आणि घाटाशी पोचेपर्यंत फटफटायला लागतं. पाय भरून आलेले असतात, मनात देवीचं दर्शन असतं. तरीही ज्याला जमेल त्याने डांबरी रस्ता सोडून थोडं माळात शिरावं, असं मला मनापासून वाटतं. बालाघाट डोंगररांगेचा हा उतार वर्षभरात याच दिवसांत पुऱ्या भरात असतो, आणि त्यातही ऊन तापायच्या आत.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटरवर, तुळजापूर 650च्या आसपास. म्हणजे चढ काही फार नाही. पण तेवढ्यात जमीन बदलते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर इथे पायऱ्यांनी चढत जातात. त्यांची झीज होऊन झालेली काळी माती खाली वाहून शेतात साठली, उतारावर उरला मुरूम. मातीचा थर कुठे कुठे वीतभरसुद्धा नाही. पाऊस सह्याद्री ओलांडता ओलांडताच रिता होतो. आपल्या वाट्याला येतो त्यातला सर्वांत मोठा वाटा परतीच्या वाटेवर, सप्टेंबरात. म्हणून कोकणाकडची रानफुलं ओसरतात तेव्हा आपला माळ कुठे फुलायला लागतो.

सगळ्यात आधी नजरेत भरतो तो तरवड. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरांना हे फूल वेगळं सांगायला नको. नवरात्रात बतुकम्मा, म्हणजे देवीसाठी फुलांची उतरंड, रचताना हीच पिवळी फुलं लागतात, आणि तेलंगणाचं राज्यपुष्पही हेच. सकाळी तरवडाच्या झुडपापाशी दोन मिनिटं नुसतं कान देऊन उभं राहावं. मोठा काळा भुंगा फुलाकडे येताना एका सुरात गुणगुणतो. फुलावर बसला, पुंकेसरांना मिठी मारली की सूर एकदम चढतो, तुटक होतो. पंख मात्र तेव्हा हलत नसतात. छातीचे स्नायू थरथरवून तो अख्खं फूल हादरवत असतो.

याचं कारण फुलाच्या रचनेत आहे. तरवडाच्या फुलात मध नाही, द्यायला आहेत ते फक्त पराग, आणि तेही बंद कोषात. बहुतेक फुलांचे परागकोष उभे उकलतात. याचे टोकाशी बारीक छिद्र ठेवून बाकी बंद राहतात. मिठाची डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसंच हे. हादरा बसला की पराग उडतात. त्यातले काही भुंगा पोटासाठी गोळा करतो आणि काही त्याच्याही नकळत अंगाला चिकटून पुढच्या फुलाच्या कुक्षीपर्यंत जातात. हा थरथराट मधमाशीला साधत नाही, भुंग्याला साधतो. तेव्हा तरवडाला शेंगा हव्या असतील तर भुंगा हवा, आणि भुंग्याला पोखरून घर करायला आसपास वाळकं लाकूड हवं.

दुसरी गोष्ट पायाला आपोआप चिकटते. कुसळं! मोज्यात, धोतरात, मेंढ्यांच्या लोकरीत रुतणारी कुसळी गवताची बी. एक पिकलेलं कुसळ हळूच उपटून तळहातावर घ्यावं. पुढे सुईसारखं टोक, त्यावर मागच्या बाजूला वळलेले तांबूस केस, आणि मागे पीळ दिलेली बोटभर लांब शेपटी. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की कुसळ हातावर स्वतःभोवती फिरायला लागतं. शेपटीतल्या पेशी मेलेल्या असतात, पण त्यांच्या भिंतींतले सेल्युलोजचे धागे तिरके गुंडाळलेले असतात. दवाने फुगले की पीळ सुटतो, उन्हाने वाळले की पुन्हा बसतो. जमिनीवर पडलेलं कुसळ अशा प्रकारे रोज सकाळी थोडं थोडं मातीत घुसत जातं, आणि मागे वळलेले केस त्याला परत निघू देत नाहीत. पुढे उन्हाळ्यात वणवा लागला तरी आत रुतलेलं बी वाचतं.

आपली ज्वारी, आपला ऊस आणि ही कुसळी एकाच गवत-घराण्यातली. तिघांनाही कडक ऊन लागतं. कमी पाण्यात जास्त उन्हाचं अन्न करण्याची जी पद्धत त्यांच्या पानांत आहे, ती वापरणारी गवतं दक्षिण आशियात सुमारे 70-80 लाख वर्षांपूर्वीच पसरली. माणसाने जंगल तोडलं म्हणून हा माळ झाला, असं सरसकट म्हणणं त्यामुळे मला पटत नाही. संशोधकांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मयात आलेल्या रानझाडांची नोंद काढली, तर त्यांतही निम्म्याहून अधिक उघड्या माळावरचीच निघाली.

माळावरचे प्राणी पाहायचे तर उजाडतानाच. घाटात चुकले तर बार्शी रस्त्यावर नान्नज आहे; 1979 साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचा हा भाग. माळढोक दिसेल अशी आशा आता धरू नये, ते मोजकेच उरलेत. पण काळविटाचा काळा नर दव पडलेल्या गवतात हद्द राखत उभा असतो. धाविक हा छोटा पक्षी दहा पावलं पळतो, ताठ उभा राहतो, पुन्हा पळतो. ऑक्टोबरात मध्य आशियाकडून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, जमिनीलगत तरंगत नाकतोडे टिपतात आणि रात्री उंच गवतातच, जमिनीवर, मुक्काम करतात. नशीब असेल तर लांडगा. देशात त्याची संख्या 3,000च्या आसपास मानली जाते, आणि त्याचा बराचसा संसार धनगरांच्या मेंढरांच्या आगेमागे, अशाच माळांवर चालतो.

या सगळ्यांना उघडा माळच लागतो. म्हणूनच उतारांवर ओळीने खणलेले वृक्षारोपणाचे खड्डे पाहिले की जीव तुटतो. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावून सावली पडली की ऊन मागणारी कुसळी हटते, नाकतोडे कमी होतात, भोवत्याला मुक्कामाची जागा उरत नाही. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी माती खोल असते. तिथे बाभूळ, बोर, करंज जोमाने वाढतात.