खोडातली वर्षं आणि तीन वर्षांचा प्रकल्प

चोपड्याच्या वखारीत सागाचा ओंडका आडवा पडला की त्याच्या कापलेल्या तोंडाकडे बघावं. फिकट-गडद वळी बोटाने मोजता येतात. दर वर्षाचं एक वळं, दुष्काळाचं अगदी चिंचोळं. सातपुड्यात उन्हाळा साग थांबवतो, पानं झडतात, म्हणून हे जमतं. वर्षावनात बारमाही ओल. तिथल्या बऱ्याच झाडांच्या खोडावर अशी वर्षं उमटतच नाहीत. मग त्यांची वाढ कळायला झाडाला नंबर ठोका, छातीच्या उंचीवर टेप लावा आणि काही वर्षांनी परत या. परत यायचा खर्च कोणी उचलायचा, हा या संशोधनाचा जुना प्रश्न.

सुरुवातीचा पैसा आला तो लाकडाच्या हावेपोटीच. १८५६ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिच ब्रँडिस ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांत गेला. हत्तीवर बसून, बांबूच्या तुकड्यांवर खाचा पाडत त्याने झाडं जाडीनुसार मोजली. ब्रिटिश सरकारला हवं होतं एवढंच: दरसाल किती तोडले तर साग पुरेल? पण त्यासाठी बारीक झाड जाड व्हायला किती वर्षं घेतं, हे कळायला हवं होतं. व्यापाराच्या हिशेबातून झाडाचा अभ्यास निघाला तो असा. १८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. त्याच दशकात रेल्वे खानदेशातून पुढे सरकली, आणि रूळ म्हटले की त्यांच्याखालचे लाकडी स्लीपर आले. देहरादूनची वन संशोधन संस्था १९०६ ची.

वर्षावनांसाठी आंतरराष्ट्रीय तिजोरी त्यामानाने उशिरा उघडली. १९८६ मध्ये योकोहामात आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटना उभी राहिली. लाकूड विकणारे आणि घेणारे देश एकाच टेबलाशी बसले. तिच्या प्रकल्पांचा पैसा मुख्यतः ऐच्छिक देणग्यांचा, म्हणजे देणाऱ्याची मर्जी फिरली की काम थंड. खरी निकड आली महोगनीमुळे. २००२ मध्ये तिच्यावर साइट्सचं, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, नियंत्रण ठरलं. तोडीने जात धोक्यात येत नाही, हे निर्यातदार देशाला दाखवणं भाग पडलं. बी किती, रोपं किती जगतात, हे मोजल्याशिवाय ते दाखवणार कसं?

चिकाटीचं उदाहरण पनामाचं. बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरांत एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोड १९८० च्या दशकापासून साधारण पाच-पाच वर्षांनी मोजलं जातं. तेवढाच तुकडा १९८८ पासून तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात आहे. ते वर्षावन नव्हे, आपल्यासारखं पानगळीचं.

आपल्याकडे हे अंजनाच्या झाडाला लावून बघा. (सह्याद्रीतली निळ्या फुलांची अंजनी वेगळी.) याचं लाकूड पाण्यात बुडतं, पाला गुरं खातात. भरघोस बी येतं ते काही वर्षांच्या अंतराने. उगवलेलं रोप उन्हाळ्यात वरून वाळतं, पावसात पुन्हा फुटतं, आणि असं वर्षानुवर्षं चालतं. मूळ मात्र खाली खाली जात असतं. तीन वर्षांचा प्रकल्प घेऊन आलेला माणूस नोंदवहीत लिहिणार, 'रोप मेले.'