घरच्या घरी राउटरचा सराव : पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी आज 'कॉन्फिगर टर्मिनल' ही राउटरची मांडणी बदलण्याची आज्ञा टाइप करतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा राउटर (संगणकांची जाळी एकमेकांना जोडणारे यंत्र) नसतोच. गेल्या वीसेक वर्षांत या सरावातून यंत्र हळूहळू बाजूला झाले. आज्ञा मात्र जवळपास जशाच्या तशा राहिल्या.

सिस्को ही कंपनी लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ मध्ये स्थापन केली. तिच्या सुरुवातीच्या राउटरमधील सॉफ्टवेअरचे मूळ स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम येगर यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये होते. प्रश्नचिन्ह टाइप करताच पुढे काय लिहिता येईल याची यादी दाखवण्याची आणि शब्द अर्धवट लिहिला तरी तो ओळखण्याची सोय टॉप्स-२० या त्याहून जुन्या संगणकप्रणालीच्या वळणावर बेतलेली होती. नवशिक्याला शिक्षकाविना घरी बसून शिकता येते, याचे मोठे श्रेय माझ्या मते या प्रश्नचिन्हाकडेच जाते.

१९९८ मध्ये सीसीएनए परीक्षा सुरू झाली आणि सरावासाठी यंत्र कोठून आणायचे, हा प्रश्न उभा राहिला. मोठ्या कंपन्यांनी मोडीत काढलेले २५०० मालिकेतील राउटर हा त्यावरचा स्वस्त मार्ग होता. २० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि खोलीभर घुमणारा पंखा असलेल्या २५०१ या राउटरला एक इथरनेट (जवळच्या जाळ्यासाठी) आणि दोन सीरियल (दूरच्या लाइनसाठी) पोर्ट असत. दूरसंचार कंपनीची लाइन घरी नसल्यामुळे दोन राउटर केबलने थेट जोडावे लागत आणि केबलच्या डीसीई (घड्याळ पुरवणाऱ्या) टोकाकडील राउटरला 'क्लॉक रेट ६४०००' अशी आज्ञा देऊन लाइनचे घड्याळही (बिट पाठवण्याचा ठरावीक ताल) आपणच पुरवावे लागे. उद्यमनगरात जुने इंजिन खोलून हात बसवण्याची रीत आहे, तशीच ही रीत होती.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत या सरावाला एक वेगळीच शिस्त लागली. राउटरमध्ये आपण केलेले बदल आधी रॅममध्ये, म्हणजे चालू कॉन्फिगरेशनमध्ये (मांडणीमध्ये) राहतात. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही आज्ञा दिल्यावरच ते एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत उतरतात. ती द्यायची राहून गेली आणि वीज गेली, की दोन तासांचे काम पुसले जाई आणि वीज परत आल्यावर राउटर सुरुवातीचे प्रश्न विचारत कोऱ्या पाटीने उभा राही. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर नव्हता त्यांना ही आज्ञा वेगळी पाठ करावी लागली नसावी.

२००५ मध्येच फ्रान्समधील ख्रिस्तोफ फिलो यांनी डायनामिप्स हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ७२०० मालिकेच्या राउटरमधील मिप्स प्रोसेसरची नक्कल तो साध्या संगणकावर करी, त्यामुळे राउटरचे मूळ सॉफ्टवेअरच तेथे चालत असे. मात्र राउटर रिकामा बसलेला असतानाही संगणकाचा प्रोसेसर पूर्ण क्षमतेने राबे, म्हणून 'आयडल-पीसी' नावाचा आकडा शोधून तो भरावा लागे. पुढे जेरेमी ग्रॉसमन यांच्या जीएनएस३ ने त्यावर चित्रमय पडदा चढवला. तरीही सॉफ्टवेअरची फाइल परवान्यानुसार मिळवणे ही अडचण राहिलीच, आणि पुष्कळांनी तिच्याकडे काणाडोळा केला, हेही नमूद केले पाहिजे.

सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचा पॅकेट ट्रेसर हा सरावाचा प्रोग्रॅम यापेक्षा वेगळा आहे. त्यात मूळ सॉफ्टवेअर चालत नाही, केवळ त्याच्या वागण्याचे अनुकरण होते. त्यामुळे काही आज्ञा त्याला ठाऊकच नसतात. पण तो जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि अकॅडमीच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यावर विनामूल्य मिळतो. आरंभीच्या काही महिन्यांसाठी, पैसा आणि वेळ दोन्ही मोजके असताना, मी तोच सुचवेन.

या वाटचालीत एक गोष्ट मात्र हातची गेली. पूर्वी राउटर संगणकाला जोडणारी फिकट निळी कन्सोल केबल लावून विंडोजमधील हायपरटर्मिनल या आज्ञा टाइप करण्याच्या प्रोग्रॅमचा वेग सेकंदाला ९६०० बिटांवर ठेवणे हा पहिलाच धडा असे. व्हिस्टापासून हायपरटर्मिनल विंडोजमधून गेले आणि लॅपटॉपवरील सीरियल पोर्टही दिसेनासे झाले. आता यूएसबी कन्व्हर्टर आणि पुट्टी हा तसाच प्रोग्रॅम यांवर काम भागते, पण पॅकेट ट्रेसरमध्ये ओएसपीएफ (राउटरांनी आपसात मार्ग ठरवण्याची पद्धत) बिनचूक लावणाऱ्याच्या पडद्यावर खऱ्या राउटरला जोडल्यावर निरर्थक चिन्हे उमटतात, तेव्हा दोष राउटरचा नसून वेगाच्या जुळणीचा आहे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.