आरे, सायकलच्या चाकाचे

सायकलच्या चाकातील हब (मधला तुंबा) आणि रिम (बाहेरचे कडे) यांना जोडणाऱ्या पोलादी तारा. दुकानात त्यांना स्पोक म्हणतात. बैलगाडीचे लाकडी आरे भार दाबाने पेलतात. सायकलची बारीक तार दाबाखाली वाकेल, म्हणून ती मुळातच ताणून बसवतात.

अशा ताणलेल्या चाकाचे जनकत्व वादग्रस्त आहे. विमानविद्येचे आद्य ब्रिटिश संशोधक जॉर्ज केली यांच्या १८०८ मधील टिपणात ताणलेल्या दोरीच्या आऱ्यांची कल्पना आढळते. मात्र त्यांना हलके चाक हवे होते ते उडत्या यंत्रासाठी. जुन्या इंग्रजी लेखनात श्रेय कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली व विल्यम हिलमन यांना, १८७० च्या सुमाराच्या ‘एरियल’ सायकलमुळे, दिले जाई. पॅरिसच्या यूजेन मेयर यांचे पेटंट १८६९ चे असल्याने त्यांचा दावा अधिक सबळ वाटतो. स्टार्ली यांची खरी मोलाची भर १८७४ ची : आरे सरळ न लावता हबच्या स्पर्शरेषेत तिरपे लावल्याने पेडलचा पीळ रिमपर्यंत नीट पोचू लागला.

जाड आरा अधिक टिकतो, हा समज पुरता खरा नाही. आरा सहसा एका धक्क्याने तुटत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात, रस्त्याला टेकलेल्या बाजूच्या आऱ्यांचा ताण उतरतो व पुन्हा चढतो. या चढउताराने धातू थकतो आणि आरा बहुधा हबजवळच्या वाकात तुटतो. टोकांना २ मिमी. व मध्ये १·८ किंवा १·५ मिमी. जाडीचा आरा तेवढ्याच ताणाखाली अधिक लांबतो, त्यामुळे धक्का शेजारच्या आऱ्यांतही वाटला जातो. सु. २९ सेंमी. लांबीचा, सरसकट २ मिमी. जाडीचा आरा १,००० न्यूटन ताणाखाली जेमतेम अर्धा मिमी. लांबतो; मध्ये १·५ मिमी. असलेला त्याच्या दीडपटीहून अधिक. वाकातील धातू मात्र दोन्हींत सारखाच जाड राहतो. मागच्या चाकात चेनच्या बाजूचे आरे अधिक ताणलेले असतात. तेथे जाड व डावीकडे बारीक आरे घेणे इष्ट.

गंजरोधक पोलाद जस्ताच्या मुलाम्यापेक्षा श्रेयस्कर. भारतातील जड रोडस्टर सायकलींत, ब्रिटिश प्रघातानुसार, पुढे ३२ व मागे ४० आरे असतात. चाक बांधल्यावर आरे जोडीजोडीने मुठीत आवळून वाकातील अंगभूत ताण घालवतात आणि मगच शेवटचा आउट (चाकाचा वाकडेपणा) काढतात.