हलका बार, जड बार: स्पर्धेतल्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनची पार्श्वभूमी

सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस स्वतःच चढवणारी छऱ्यांची बंदूक, घडवली गेली ती शिकाऱ्यासाठी. पाणथळीत दबा धरून बसायचे, बदके उठली की तीन-चार बार काढायचे, मग सावकाश पुन्हा काडतुसे भरायची, एवढेच तिचे मूळ काम. स्पर्धेतला नेमबाज त्याच बंदुकीकडून वेगळेच काम मागतो. एका फेरीत वीसहून अधिक लक्ष्ये, धावता धावता भरणी, धक्का कमी बसावा म्हणून हलकी काडतुसे, आणि वर काडतुसे साठवणारी लांब मॅगझिन ट्यूब, दस्त्यावर वजन, रिसीव्हरवर, म्हणजे यंत्रणेच्या मधल्या पेटीवर, साइट. यातल्या प्रत्येक मागणीने बंदुकीचा मूळ तोल थोडा थोडा हलतो. आज नेमबाज जे फेरबदल करतात आणि ज्या बिघाडांशी झगडतात, ते बहुतेक सगळे या हललेल्या तोलातून आलेले आहेत. बंदूक एकच बार उडवत असती तर प्रश्न नव्हता. पण पुढचे काडतूस भरण्याची ताकद तिला आधीच्या काडतुसातूनच मिळते, आणि काडतूस बदलले की ती ताकदही बदलते.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट सोडवला तो युटा राज्यातल्या ऑग्डेनच्या जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. त्यांच्या स्वयंभरणी शॉटगनचे पेटंट 1900 सालचे. त्यांची आधीची अनेक शस्त्रे विंचेस्टरने घेतली होती, तेव्हा हीदेखील आधी तिथेच गेली. पण या वेळी ब्राउनिंग यांना ठोक रक्कम नको होती, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी हवी होती. विंचेस्टरने ती नाकारली. मग ते रेमिंग्टनकडे गेले, आणि ज्या दिवशी भेट ठरली होती त्याच दिवशी, जानेवारी 1902 मध्ये, कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली हृदयविकाराच्या झटक्याने वारले. शेवटी ब्राउनिंग बेल्जियमला गेले आणि हर्स्टालच्या एफएन कारखान्याने ती बंदूक बनवायला घेतली. पुढे ती ऑटो-5 या नावाने ओळखली गेली. रेमिंग्टननेही 1905 पासून परवान्याखाली तीच बंदूक मॉडेल 11 म्हणून काढली. बेल्जियन घराण्यातली ऑटो-5 जवळपास शतकभर बनत राहिली.

तिच्या आत काय चालते हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढची सगळी गोष्ट तिथून सुरू होते. बार उडाला की नळी आणि तिचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत काडतुसाच्या लांबीहून जास्त अंतर मागे जातात. मग बोल्ट मागेच थांबतो, नळी पुढे सरकते, रिकामे काडतूस बाहेर पडते, आणि त्यानंतर बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. नळी मागे येताना मॅगझिन ट्यूबभोवतीची मोठी स्प्रिंग दाबली जाते आणि एक काशाचा घर्षणतुकडा ट्यूबला आवळतो. या तुकड्याच्या जोडीला एक पोलादी कडी असते. जड बार वापरायचा असेल तर कडी स्प्रिंग आणि काशाच्या तुकड्याच्या मध्ये ठेवायची, म्हणजे आवळ वाढतो. हलका बार असेल तर ती काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकवून ठेवायची.

कडी चुकीच्या जागी ठेवून हलका बार उडवला की नळी पुरती मागे जात नाही आणि रिकामे काडतूस अडकते. उलट चूक करून जड बार उडवला तर नळी इतक्या जोरात आदळते की पुढचा लाकडी हातधरा तडकतो. जुन्या ऑटो-5 बंदुकांमध्ये तडकलेले हातधरे इतके सापडतात त्याचे मोठे कारण हेच. ट्यूबवर सढळ हाताने तेल लावणे हीसुद्धा तशीच चूक, कारण तेलाने घर्षण जाते आणि धक्का आवरणारे काही उरत नाही. बार बघून बंदूक जुळवायची, हे काम ब्राउनिंग यांनी पहिल्या दिवसापासून वापरणाऱ्याच्या हाती सोपवले होते. माझ्या मते स्पर्धेसाठीच्या ट्यूनिंगची सुरुवात या कडीपाशीच मानायला हवी.

तोवर शॉटगनची नेमबाजी शिकारीपासून वेगळी होऊ लागली होती. सिनसिनाटीचे जॉर्ज लिगोव्स्की यांनी 1880 मध्ये मातीची उडती तबकडी आणली आणि ट्रॅप नेमबाजीला चांगले लक्ष्य मिळाले. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिस आणि मंडळींनी 1915 नंतरच्या वर्षांत जो खेळ रचला तो पुढे स्कीट झाला. या खेळांत एका दिवसात शेकडो बार काढावे लागतात आणि खांदा दुखून येतो. म्हणून हलका बार हवासा झाला, आणि हलका बार म्हटले की स्वयंभरणीची अडचण आलीच.

1935 मध्ये अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीसाठी शॉटगनमध्ये तीनच काडतुसांची मर्यादा आली, तेव्हापासून मॅगझिन ट्यूबमध्ये एक लाकडी किंवा प्लास्टिकची काडी, म्हणजे प्लग, घातलेला येतो. स्पर्धक नवी बंदूक घरी आणल्यावर सहसा सर्वात आधी हा प्लगच काढतो.

पुढचे वळण गॅसचे. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून गॅसवर चालणाऱ्या शॉटगन बाजारात येऊ लागल्या, आणि 1963 मध्ये रेमिंग्टनने मॉडेल 1100 आणले. नळीच्या खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून थोडा गॅस खाली येतो, मॅगझिन ट्यूबभोवतीच्या पिस्टनला ढकलतो आणि बोल्ट मागे जातो. नळी जागची हलत नाही. धक्का एकदम न बसता किंचित लांबलेल्या वेळेत बसतो, त्यामुळे खांद्याला तो सौम्य वाटतो. स्कीट नेमबाजांनी ही बंदूक डोक्यावर घेतली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या.

पण गॅसचे छिद्र कारखान्यात ठरावीक मापाचेच पाडलेले असते. तीन इंची मॅग्नम, म्हणजे जास्त दमदार, काडतुसांच्या नळीला लहान छिद्र, पावणेतीन इंची काडतुसांच्या नळीला त्या मानाने मोठे. मॅग्नम नळीतून हलका बार उडवला की गॅस पुरत नाही, बोल्ट अर्ध्यातूनच परततो. मग नेमबाज छिद्र मोठे करून घेऊ लागले. हलके बार सुरळीत चालू झाले, पण त्याच नळीतून जड काडतूस उडवले की बोल्ट मागे जाऊन जोरात आदळतो आणि भाग झिजतात, तुटतात. पाडलेले छिद्र पुन्हा बुजवणे सोपे नाही. 1100 मध्ये आणखी एक नाजूक भाग आहे, गॅस अडवणारी रबरी ओ-रिंग. ती चिरली की गॅस निसटतो, आणि बिघाडाचे लक्षण हुबेहूब छिद्र लहान असल्यासारखे दिसते. अनुभवी नेमबाजाच्या पिशवीत दोन-तीन ओ-रिंग असतातच. ज्याच्याकडे नसतात तो काही पैशांच्या रबरासाठी नळीला ड्रिल लावून बसतो, आणि हे बघताना खरोखर वाईट वाटते.

बेरेटासारख्या कारखान्यांनी पुढे आपोआप जुळणारा व्हॉल्व्ह आणला, त्यातून जास्तीचा गॅस बाहेर सोडला जातो. कडी हलवण्याचे काम असे व्हॉल्व्हकडे गेले.

इटलीत उर्बिनोला 1967 मध्ये स्थापन झालेल्या बेनेलीने तिसरी वाट धरली. ब्रुनो चिवोलानी यांच्या रचनेत गॅस नळीतच राहतो आणि नळीही हलत नाही. धक्क्याने सगळी बंदूक मागे जाते, पण बोल्टचे जड शरीर जडत्वामुळे क्षणभर जागीच राहते. त्यामुळे बोल्टच्या आतली आखूड, कडक स्प्रिंग दाबली जाते, आणि ती उलगडताना बोल्टला मागे फेकते. जडत्वाचा असा उपयोग स्वीडनच्या शॉग्रेन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच करून पाहिला होता, पण तो टिकला बेनेलीच्या हातून. काजळी कमी, भाग कमी, वजन कमी. मात्र ही रचना बंदुकीच्या मागे जाण्यावरच अवलंबून आहे. लांब ट्यूब, ती काठोकाठ भरलेली, बाजूला काडतुसांची पट्टी, दस्त्यात वजन, असे सगळे चढवले की बंदूक जड होते, कमी वेगाने मागे जाते, स्प्रिंग पुरती दबत नाही. म्हणून पहिला-दुसरा हलका बार अडकतो आणि ट्यूब रिकामी होत गेली की तीच बंदूक बिनतक्रार चालते. हे कोडे अनेकांना हैराण करते, आणि कारण ठाऊक नसेल तर माणूस नको तिथे कानस चालवतो.

हे वजन चढवायची वेळ आली ती थ्री-गनमुळे. 1976 मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया इथे आयपीएससी ही व्यावहारिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. 1980 पासून अमेरिकेत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन या तिन्हींचे एकत्र सामने सुरू झाले. यात पोलादी पट्ट्या पाडायच्या, पडत्या पट्टीने उडवलेली तबकडी फोडायची, मध्येच एका गोळीच्या स्लगने लांबचे लक्ष्य टिपायचे, आणि सगळे घड्याळाविरुद्ध. सुरुवातीला हाताने मागेपुढे करून भरायच्या पंप बंदुकाही चालत, मग 1100 चा जोर आला, मग बेनेली एम1 आणि नंतर एम2 चा.

अमेरिकेतल्या अनेक सामन्यांत सुरुवातीला 9 काडतुसेच भरता येतात आणि लक्ष्ये त्याच्या दुपटीहून अधिक असू शकतात. त्यामुळे नेमापेक्षा भरणीत सामना जाऊ लागला. आधी डाव्या हाताने एकेक काडतूस भरत. मग पट्ट्यावरच्या कॅडीतून, म्हणजे काडतुसांच्या धारकातून, चार-चार उपसून एकेक ढकलण्याची पद्धत आली. गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून क्वाड लोड रूढ झाले. त्यात हातात एकदम चार काडतुसे घेतात आणि दोन-दोन करून ट्यूबमध्ये सारतात. यासाठी भरणीचे तोंड रुंद करून, कडा गोल करून घेतात, कारण मूळ तोंडाला अंगठा सोलून निघतो. लिफ्टर, म्हणजे काडतूस वर उचलून देणारी पट्टी, बदलतात किंवा त्याची फट बुजवतात. 1100 ला तर ट्यूब भरताना कॅरिअरचे, म्हणजे लिफ्टरचेच, बटण दाबून धरावे लागते, तेव्हा त्या बटणालाही मोठे टोपण बसवले गेले. ऑटो-5 या शर्यतीत मागे पडली त्याचे एक साधे कारण म्हणजे तिची नळी हलते, त्यामुळे लांब ट्यूब नळीला क्लँपने आवळून बांधता येत नाही.

ट्यूब लांबली की स्प्रिंगही लांब आणि ताज्या दमाची लागते. जुनी स्प्रिंग शेवटची काडतुसे वेळेवर ढकलत नाही, आणि बोल्ट रिकाम्या चेंबरवर, म्हणजे काडतूस बसण्याच्या नळीच्या मागच्या भागावर, बंद होतो. एकाऐवजी दोन काडतुसे लिफ्टरवर आली तर ट्यूबच्या तोंडाची काडतूस-अडकण झिजलेली किंवा भरणीचे तोंड कापताना दुखावलेली असते. रिकामे काडतूस चेंबरमध्येच चिकटून राहिले तर बहुधा स्वस्त, पोलादी बुडाचे काडतूस फुगलेले असते, किंवा चेंबर मळलेला असतो. आणि बेनेलीत चाप ओढल्यावर नुसता टिक आवाज आला तर बोल्टचे डोके पुरते फिरून बसलेले नसते. बंदूक दस्त्यावर आपटल्यावर किंवा बोल्ट हाताने हळू सोडल्यावर असे होते. काडतूस नेमके कुठे थांबले हे आधी पाहावे. मग काडतूस बदलून पाहावे, मग सफाई, मग स्प्रिंग आणि रबर. ड्रिल आणि कानस सर्वात शेवटी, आणि चापाचे काम तर जाणत्या गनस्मिथकडेच द्यावे. हलका केलेला चाप बंदूक पडल्यावर किंवा बोल्ट आदळल्यावर आपोआप सुटू शकतो, आणि रेंजवर नकळत सुटलेल्या बारासाठी नेमबाजाला सामन्याबाहेर काढतात.

आयपीएससीची शॉटगनसाठी वेगळी जागतिक स्पर्धा 2012 मध्ये हंगेरीत झाली, नंतर 2015 मध्ये इटलीत आणि 2018 मध्ये फ्रान्समध्ये. विभागवार नियमांनी फेरबदलांची हद्द आखून दिली आहे. स्टँडर्डमध्ये फारसे काही चालत नाही, तर ओपनमध्ये ऑप्टिक साइटपासून सायगा-12 सारख्या पेटी-मॅगझिनच्या, म्हणजे भरलेली सुटी पेटी लावायच्या, बंदुकांपर्यंत बरेच काही चालते. पेटी-मॅगझिनने क्वाड लोडची कसरत संपवली, पण प्लास्टिकचे काडतूस भरल्या पेटीत दिवसभर दाबून राहिले की त्याचा आकार बिघडतो आणि ते अडकते, ही नवी कटकट सोबत आली.

दरम्यान कारखान्यांनीही कानसवाल्यांचे काम आपल्याकडे घेतले. मॉसबर्गने नामवंत नेमबाज जेरी मिक्युलेक यांच्या नावाने आपल्या 930 या बंदुकीची स्पर्धा-आवृत्ती काढली, बेरेटाने 1301 कॉम्पिटिशन. मोठे बोल्ट-बटण, लांब हँडल, रुंद तोंड आता दुकानातूनच मिळते. तरीही अशा बंदुकीसोबतचे माहितीपत्रक आधी वाचावे. किती वजनाच्या छऱ्याच्या काडतुसाखाली ती चालण्याची हमी नाही, हे त्यात बहुधा लिहिलेले असते. नवी बंदूक, विशेषतः जडत्वावर चालणारी, आधी काही खोकी जड काडतुसांची उडवून मोकळी करावी लागते, मगच ती 28 ग्रॅमच्या हलक्या बारावर भरवशाची होते.